सेल्सोचा उजवा बूट

एकतीस वर्षं मी हैदराबादेत आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की शिकले. तोंडानं काय बोलायचं ते बोला, भांडा, रडा, हातापाया पडा. पण ‘माझी चूक झाली’ असा कागद कुणाच्या हातात देऊ नका. आमच्याकडे एकनाथराव म्हणून सीनियर क्लार्क होते, लई भला माणूस. एक फाईल सापडेना, तर साहेब गोड बोलून म्हणाले, दोन ओळी लिहून द्या, प्रकरण मिटवून टाकू. ह्या भल्या माणसानं दिल्या लिहून, ‘नजरचुकीने माझ्याकडून गहाळ झाली.’ झालं! सस्पेंड. आठ महिन्यांनी फाईल साहेबाच्याच कपाटात निघाली, पण एकनाथरावांच्या त्या दोन ओळी काही पुसल्या गेल्या नाहीत. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

आणि हीच अक्कल मी माझ्या नवऱ्यापुढं पाजळली. त्यांची गोष्ट सांगते. माझी त्यातच येईल.

त्यांचं नाव सूर्यभान, माझं पार्वती. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी ‘अहो’ म्हणायची, शिवानी झाल्यावर ‘शिवानीचे पप्पा’. आता माणूसच राहिला नाही तर नाव घ्यायला कसली लाज? जाऊन सात महिने झाले. आमची दोन्ही घरं मूळची देगलूरकडची, पण आमच्या आजोबांच्या वेळेपासून हैदराबादेतच. मी बरकतपुऱ्यातली, ते तिकडं कुकटपल्लीचे. तिथल्या एका कारखान्यात बुटांचे तळवे बनायचे, तिथं ते सतरा वर्षं होते. रबराचा तळवा साच्यातून निघाला की कानसीनं घासून तो सारखा करायचा, हे त्यांचं काम. हात असा बसलेला की डोळे झाकून घासलं तरी डाव्या-उजव्यात केसाचा फरक नाही.

कारखाना बंद पडला. दोन वर्षं घरी बसले. मग इथं फुटबॉलचा एक क्लब निघाला, तिथं किटमॅन म्हणून लागले. किटमॅन म्हणजे काय, मला तरी कुठं माहीत होतं! पंचवीस-तीस दांडग्या पुरुषांचे घामट मोजे, बनियनी, चड्ड्या धुवायच्या, वाळवायच्या, नंबरवार लावून ठेवायच्या. चिखलाचे बूट घासायचे. मी म्हटलं, ‘घरी स्वतःचा टॉवेल दोरीवर टाकता येत नाही, आणि तिथं अख्ख्या टीमचं धुणं?’ तर म्हणतात कसे, ‘घरी तू हैस ना.’

पण बुटांत त्यांचा जीव होता, हे खरं. बूट उलटा केला की माणूस कळतो, म्हणायचे. फुटबॉलच्या बुटाला खाली जमीन धरून ठेवायला छोट्या छोट्या खुंट्या असतात, त्यांना स्टड म्हणतात. कुणाचे पुढचे स्टड झिजतात, कुणाचे टाचेचे. कोण पाय ओढतो, कोण दुखणं लपवून पळतो, ते सगळं त्यांना तळव्यावर दिसायचं. घरी आलेल्या पाहुण्याच्या चपलासुद्धा उलट्या करून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सेल्सो आला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. सेल्सो ओवेलार, पराग्वे देशाचा. तो देश कुठं आहे ते शिवानीनं फोनवर दाखवलं. दक्षिण अमेरिकेच्या मधोमध, समुद्र नाही, नद्याच नद्या. तो विंगर होता. म्हणजे मैदानाच्या कडेकडेनं पळायचं, समोरचे दोघे-तिघे चुकवायचे आणि बॉल मधल्या माणसापाशी नेऊन द्यायचा. गोल मधल्याच्या नावावर. मी म्हटलं, ‘हे तर आमच्या कचेरीसारखंच झालं की. फाईल आम्ही तयार करायची, सही साहेबाची.’ शिवानीनं ते फोनमधून त्याच्या भाषेत ऐकवलं, तर पठ्ठ्या एवढा हसला, एवढा हसला की डोळे पुसायला लागला.

आमचे हे त्याच्याशी सरळ दख्खनीत बोलायचे. ‘क्या मियां, दुखरा क्या? हल्लू चलो, हल्लू.’ हल्लू म्हणजे हळू. तो त्याच्या स्पॅनिशमध्ये काहीतरी उत्तर द्यायचा. तास तास दोघांचं चालायचं. काय कळायचं कुणास ठाऊक! पण सेल्सोला तो एक शब्द मात्र आला. दर दुसऱ्या रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा, तेव्हा जिन्यातूनच ओरडायचा, ‘हल्लू, सूर्या, हल्लू!’ शेजारच्या बाया दार उघडून बघायच्या. सहा फुटी गोरा-सावळा माणूस, दाढीत दोन पांढरे केस, हातात गार पाण्याचा थर्मास आणि त्यांच्याकडचा तो कसलासा हिरवा पाला. पाला शिंगाच्या पेल्यात घालायचा, वरून गार पाणी, आणि लोखंडी नळीनं ओढायचं. एकच पेला, सगळ्यांनी फिरवून प्यायचा. मी आधी नाक मुरडलं. मग उन्हाळ्यात मीच मागायला लागले.

ज्वारीची भाकरी आणि पिठलं त्याला लई आवडायचं. खाली मांडी घालता यायची नाही, पाय लांब करून भिंतीला टेकायचा आणि फोनमधले फोटो दाखवायचा. त्याचं सगळं आयुष्य मी त्या फोटोंतून बघितलं. नदीकाठचं गाव, आई मासळी विकायची. सोळाव्या वर्षी राजधानीच्या क्लबात गेला. विसाव्या वर्षी त्याच्या देशाच्या टीममधून खेळला, एकदाच, शेवटची अकरा मिनिटं. शिवानीनं विचारलं, ‘अकरा मिनिटांत बॉल किती वेळा मिळाला?’ त्यानं दोन बोटं दाखवली. मग अर्जेंटिना, तिथं खालच्या दर्जाची लीग. मग मेक्सिको, तिथं तीन वर्षं बरी गेली, रस्त्यात लोक ओळखायचे. मग ग्रीसमध्ये अख्खं वर्ष बाकावर बसून काढलं. मग थायलंड. मग आमचं हैदराबाद. प्रत्येक फोटोत टीशर्टचा रंग वेगळा, आणि हा जरासा जाड, जरासा थकलेला. मला तेव्हा वाटलं, बदलीच्या नोकरीपेक्षा हे वाईट. बदलीवाल्याला निदान पेन्शन असतं, आणि साठीपर्यंत कुणी म्हातारं म्हणत नाही.

पहिलं वर्ष झकास गेलं. पेपरात फोटो आला, मी कापून ठेवलाय. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर हे घरी गप्प गप्प राहायला लागले. मी विचारलं तर ‘काही नै.’ जे होतं ते मला फार मागून कळलं, पण इथंच सांगते, म्हणजे नीट लागेल.

सेल्सोचा उजवा गुडघा गेला होता. तो डाव्या पायानं मारणारा, म्हणजे सगळा भार उजव्यावर. दुखणारी बाजू वाचवायला तो पाय तिरका टाकायचा, त्यामुळं उजव्या बुटाचे बाहेरच्या कडेचे स्टड भराभर झिजायला लागले. ह्यांनी बूट उलटा केला आणि ओळखलं. क्लबच्या फिजिओ मॅडमसुद्धा हुशार होत्या. दर शुक्रवारी किटच्या खोलीत येऊन एकेक बूट उलटा करून बघायच्या. एकदा बघितलं असतं की लगेच स्कॅन, आणि स्कॅन झालं असतं की सेल्सोचं खेळणं तिथंच संपलं असतं. तेहतीस-चौतीसच्या विंगरला कोण थांबतंय?

सेल्सोनं ह्यांना एकच मागितलं होतं. फोनवर मुलीचा फोटो दाखवला. मारिसोल, सहा वर्षांची. बाप कायम परदेशात, तिनं बापाला मैदानात पळताना एकदासुद्धा बघितलं नव्हतं, नुसतं टीव्हीवर. फेब्रुवारीत घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती, त्या मॅचला ती आईबरोबर येणार होती. तिकिटं झालेली. सेल्सोनं कॅलेंडरवर त्या तारखेवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे तोवर कुणाला सांगू नकोस.

हे नुसते गप्प राहिले असते तरी चाललं असतं हो. पण नाही. कारखान्यातली कानस यांनी जपून ठेवली होती. शुक्रवारच्या आदल्या दिवशी सगळे गेले की हे उजवा बूट घ्यायचे आणि आतल्या बाजूचे चांगले स्टड घासून बाहेरच्या झिजलेल्या स्टडांच्या बरोबरीनं करायचे. केसाचा फरक नाही! फिजिओ मॅडम बूट उलटा करायच्या, सगळं सारखं दिसायचं, पुढं जायच्या. बूट बदलावा म्हणाल, तर ते मॉडेल कंपनीनं बंद केलेलं, आणि सेल्सोकडे त्याच्या जोड्या दोनच, दुसरी पण तशीच बाहेरून झिजलेली, ती तो कपाटात लपवून ठेवायचा. दुसऱ्या मॉडेलच्या बुटांनी त्याला फोड यायचे. असे अडीच महिने यांनी घासलं. सेल्सोला सांगितलं नाही. ‘त्याच्या डोक्याला कशाला ताण,’ म्हणायचे. वाटलं, आपण त्याचं भलं करतोय. पण खुंट्याच आखूड झाल्यावर बूट जमीन धरणार कशानं, हे सतरा वर्षं तळवे घासलेल्या माणसाला कळू नये? कळत होतं. म्हणायचे, ‘एवढी एक मॅच निघू दे.’

त्या मॅचला मी आणि शिवानी गेलो होतो. मारिसोल आणि तिची आई आमच्या शेजारी. पोर काय गोड! केसांना दोन लाल फिती. माझ्या पिशवीत बोरं होती, ती तिला दिली. तिनं एक चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि परत हात पुढं केला. पाच वाजले असतील. मैदानावर नुकतंच पाणी मारलेलं, हिरवंगार चमकत होतं. सेल्सो आत आला, सरळ आमच्याकडं बघून हात हलवला. पोरगी खुर्चीवर उभी राहून ओरडायला लागली, तिच्या भाषेत, बाबा बाबा असंच असणार.

अठरावं मिनिट होतं. शिवानी सारखी घड्याळ बघत होती म्हणून लक्षात आहे. उजव्या कडेनं बॉल आला, सेल्सोनं एकाला चुकवलं, लोक उठून उभे राहिले. मग तो आत वळला. उजवा पाय रोवला, आणि पाय सरकला. नुसता हातभर. गुडघा भलतीकडंच वळला. मोठा आवाज नाही, धडक नाही, कुणी पाडलं नाही. तो खाली पडला आणि मुठीनं गवत मारायला लागला.

मारिसोल हसली. टाळ्या वाजवायला लागली. तिला वाटलं बाबा गंमत करतोय. तिच्या आईनं तिला छातीशी धरलं, तेव्हा तिच्या मुठीतली बोरं माझ्या पायाशी पडली. मी अजून बोरं घेत नाही बाजारातून.

मी खाली बघितलं. बाकापाशी आमचे हे उभे होते, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या. सगळे धावले मैदानात, हे एकटे हलले नाहीत.

घरी आले ते सरळ न्हाणीत गेले आणि कानस बाहेर आणून माझ्यापुढं ठेवली. मग सगळं सांगितलं. मी म्हटलं, ‘अहो, डॉक्टर म्हणतात गुडघा आधीच खलास होता. आज नाही तर उद्या गेलाच असता.’ म्हणाले, ‘गुडघा गेला होता. पाय मी सरकवला.’ मी लई भांडले. तुम्ही काय मोठे डॉक्टर लागून गेलात का, म्हटलं. पाणी मारलेलं होतं, दुसरेही दोघे घसरले होते. ऐकतच नव्हते. हट्टाला पेटलेला माणूस एक वेळ परवडला, दुःखाला पेटलेला नको.

सेल्सोचं ऑपरेशन इथंच झालं. हे रोज हॉस्पिटलकडं जायला निघायचे. डबा घ्यायचे माझ्याकडून, पिठलं-भाकरी. गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. डबा तसाच. सोळा दिवस असं चाललं. सेल्सो चाकाच्या खुर्चीतून विमानात बसला आणि गेला. जाताना फिजिओ मॅडमकडे ह्यांच्यासाठी एक पिशवी दिली. आत तीच बुटांची जोडी. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. ह्यांनी ती पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि वर्षभरात नोकरी सोडली. सेल्सो पुन्हा कुठल्याच क्लबातून खेळला नाही. सोळाव्या वर्षी सुरू झालेलं ते आमच्या बरकतपुऱ्यापासून दोन बस लांब असलेल्या मैदानावर संपलं.

आम्ही दर रविवारी विहारात जातो. वंदना होते, सगळे मिळून पंचशील म्हणतात. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ह्यांचा आवाज खणखणीत, सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. त्या फेब्रुवारीनंतर चौथ्या शीलाला आवाज बंद. तीन म्हणायचे, चौथ्याला गप्प, पाचव्याला परत सुरू. मला शेजारी बसून दर रविवारी कळायचं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण मला त्या एका ओळीची धास्ती बसली होती.

दोन वर्षं अशी काढली. मग बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, विहारातून आल्यावर, पांढरा शर्ट अंगात तसाच, शिवानीला बोलावून म्हणाले, ‘बेटा, सेल्सोला लिहायचं. मी बोलतो, तू त्याच्या भाषेत कर.’ शिवानी कुकटपल्लीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिला मराठी वाचायला येतं, पण अडखळत. लिहायचं तर नावच नको. तिनं फोनवर ह्यांचं बोलणं टिपून घेतलं.

ते मला पाठ आहे. ‘सेल्सो, मी सूर्यभान, किटवाला. तुझ्या उजव्या बुटाचे स्टड मी घासत होतो. तुला न विचारता. मॅडमला दिसू नये म्हणून. तू त्या दिवशी घसरलास ते माझ्या हातानं झालं. मी हॉस्पिटलच्या गेटपर्यंत येत होतो, आत यायची हिंमत झाली नाही. माफ कर असं म्हणत नाही. तुला खरं माहीत असावं, एवढंच.’

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. शिवानी पाणी प्यायला आत आली, तसं मी तिचं मनगट धरलं. ‘पाठवू नको,’ म्हटलं. ‘लेखी आहे ते. उद्या त्यानं क्लबला दाखवलं, क्लबनं पोलिसात दिलं, तर? ह्या वयात बाप चौकीत बसवायचा आहे का तुला?’ शिवानी म्हणाली, ‘मम्मी, असं काही होत नसतं.’ मी म्हटलं, ‘एकनाथरावांना पण असंच वाटलं होतं.’ खूप वाद घातला तिनं, हळू आवाजात. शेवटी मी माझी शपथ घातली. आम्ही शपथाबिपथा मानत नाही, तरी घातली. शिवानी बाहेर गेली आणि म्हणाली, ‘पाठवलं, पप्पा.’

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी पोटभर जेवले. मी मनात म्हटलं, बघ, काम पण झालं आणि कागद पण घरातच राहिला. केवढी शहाणी मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, ‘काही आलं का गं?’ शिवानी म्हणाली, ‘अजून नाही, पप्पा.’ संध्याकाळी ती कामावरून आली की पुन्हा, ‘काही आलं का गं?’

चौदा महिने. रोज दोनदा. कधी रागानं नाही, कधी जोरात नाही. मध्येच म्हणायचे, ‘पत्ता बरोबर आहे ना?’ शिवानीनं चुकून एकदा दाखवलं होतं की सेल्सो त्याच्या गावात पोरींना फुटबॉल शिकवतो, फोटो टाकतो. तेव्हापासून तर त्यांना पक्कंच झालं की माणूस आहे, चांगला आहे, बघतोय, आणि उत्तर देत नाही. ‘नै देणार,’ म्हणायचे. ‘त्याच्या जागी मी असतो तर मीबी नसतं दिलं.’ आणि तरी सकाळी पुन्हा विचारायचे.

तुम्ही म्हणाल, मग सांगून का नाही टाकलंस? रोज ठरवत होते. पण सांगायचं म्हणजे मी अडवलं हे सांगायचं, पोरगी तुमच्या तोंडावर खोटं बोलली हे सांगायचं. शिवानी म्हणायची, ‘मम्मी, आता पाठवते, तारीख कोण बघतंय?’ तर मी म्हणायची, थांब जरा. कशाला थांबले होते मी? मलाच माहीत नाही. एकदा खोटं रेकॉर्डला लागलं की ते काढायला जास्त हिंमत लागते, आणि ती माझ्यात नव्हती. भित्री आहे मी. आयुष्यभर त्याला शहाणपण म्हणत आले.

जुलैत गेले. दुपारी जेवण झालं, बडीशेप मागितली, मी डबी घेऊन आले तोवर मान कलंडलेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्या दिवशी सकाळी विचारून झालं होतं. संध्याकाळचं राहिलं.

मी रडले तेवढं रडले. शिवानी माझ्याशी दीड महिना नीट बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

आता ह्या फेब्रुवारीत घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. ती पिशवी निघाली. मला वाटलं बूट वाळून कडक झाले असतील, बुरशी लागली असेल. पेपर उघडला तर पेपर जूनचा, ते गेले त्याच्या आदल्याच महिन्याचा! आणि बूट मऊ, तेल लावलेले, दोऱ्या धुतलेल्या. म्हणजे माझ्या माघारी दर महिन्याला हा माणूस माळ्यावर चढत होता, गुडघे दुखत असताना, परक्याचे बूट सांभाळायला. मी उजवा बूट उलटा केला. सगळे स्टड सारखे. मी तिथंच खाली बसले आणि शिवानीला हाक मारली. ‘पाठव,’ म्हटलं. ‘जे बोलले होते तेच पाठव. एक अक्षर बदलू नको.’

तिनं पाठवलं. उत्तर यायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वीस मिनिटं! बोललेलं होतं, त्याचाच आवाज, घाईघाईत, मध्येच हसू, मध्येच नाक ओढल्यासारखं. शिवानीनं फोनकडून त्याचा अर्थ काढून घेतला आणि मला सांगायला लागली.

‘सूर्या, माझ्या भावा! किती वाट बघायला लावलीस. तू घासायचास ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मैदानात उतरायच्या आधी मी प्रत्येक स्टडवर अंगठा फिरवतो, आईनं पहिले बूट घेऊन दिले तेव्हापासून. मला कळणार नाही का? दुसरी जोडी माझ्या कपाटात होती. त्या दिवशी मी ती घालू शकलो असतो. पण ती तू घासलेली नव्हतीस, मॅडमला तिरकी झीज दिसली असती, आणि मला मारिसोलसमोर पळायचं होतं. मी मुद्दाम हीच घातली. तुझ्या हातानं काही झालं नाही. आणि तू भेटायला आला नाहीस, तेव्हा मला वाटलं, ह्या सज्जन माणसाला मी खोटं वागायला लावलं म्हणून तो माझ्यावर रागावला. म्हणून बूट पाठवले. ते बघून तू काहीतरी लिहिशील वाटलं. तू लिहिलं नाहीस. मलाही धीर झाला नाही. आता मारिसोल दहा वर्षांची आहे, उजव्या कडेनं पळते. मी पोरींना बूट उलटे करून दाखवायला लावतो. हे कुणी शिकवलं म्हणून त्या विचारतात, मी तुझं नाव सांगतो. तुझी तब्येत कशी आहे? तिथं आता किती वाजले? मी फोन लावू का? पार्वतीला सांग, पिठलं अजून कुठं मिळालं नाही. हल्लू, सूर्या, हल्लू.’

शिवानीनं ओढणीनं डोळे पुसले. मला तर आधी रडूसुद्धा आलं नाही. एवढंच वाटलं, ही वीस मिनिटं मी त्यांना दिली नाहीत. चौदा महिने त्यांच्या चहाच्या कपाशेजारी हे उत्तर पडलेलं होतं, फक्त मागायचं राहिलं होतं.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. सेल्सोच. शिवानीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, तिनं उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला.

ती म्हणाली, ‘मी लिहिते, मम्मी. पप्पा गेले, एवढंच. पुढचं कशाला? तो किती खूश आहे.’

पोर मला वाचवायला बघत होती. मी म्हटलं, ‘नाही. सगळं लिही. माझ्या नावानं लिही.’ आणि मी सांगितलं, साहेबासमोर उभं राहून सांगावं तसं, एकेक शब्द. ‘मी पार्वती, सूर्यभानची बायको. सूर्यभान जुलै महिन्यात वारले. हे त्यांनी तुला एकवीस महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. मी ते अडवलं. तू उत्तर देत नाहीस असं समजून ते वाट बघत गेले. चूक माझी झाली.’

शिवानीनं तीनदा विचारलं, पाठवू का. तिसऱ्यांदा मी तिच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही लेखी दिलं.

त्याला आज नऊ दिवस झाले. त्यानं वाचलंय, शिवानी म्हणते तशी खूण दिसते. बूट मी माळ्यावर परत टाकले नाहीत, ह्यांच्या खुर्चीखाली ठेवलेत. सकाळी चहा झाला की मी विचारते, आणि संध्याकाळी ती कामावरून आली, चपला काढत असते, तेव्हा पुन्हा विचारते.

‘काही आलं का गं?’